दोन उलट्या वह्या

मी आता मुकुंदवाडीला राहते. घराच्या मागून रेल्वे जाते आणि दर गाडीला फडताळातली भांडी वाजतात. नातसुनेला त्याचा वैताग येतो, मला येत नाही. माझ्या तरुणपणी ही छोटी लाईन होती. डबे बुटके, इंजिन कोळशाचं, आणि औरंगाबादहून जालन्याला पोचेपर्यंत डोळ्यांत इतकी काजळी जायची की उतरलेला प्रत्येक माणूस रडून आल्यासारखा दिसायचा. त्या लाईनीवर मी एकदा खरोखरच रडले. परीक्षा देऊन गावाकडं परतत होतो तेव्हाची गोष्ट आहे. पहाटे गाडीत बसलो आणि दिवस मावळता नावेतून उतरलो, एवढाच तो प्रवास.

आमचं गाव गोदावरीच्या दक्षिणेला, बीड जिल्ह्यात. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. निजामी गेली, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या आणि शाळांत उर्दूच्या जागी मराठी आली. आनंद वाटावा अशीच गोष्ट होती ती, आणि आम्हाला तो वाटलाही. पंचाईत एवढीच की आम्ही शिकवणाऱ्या बायका उर्दूत शिकलेल्या. घरात मराठी, शेतात मराठी, भांडायला तर मराठीच, पण हातात कलम घेतलं की उर्दू. मग वरून हुकूम आला की शिक्षकांनी मराठीची लेखी परीक्षा द्यावी. तीन खेपा मिळतील. तिन्ही हुकल्या तर घरी बसावं.

आमच्या मुलींच्या शाळेत आम्ही तिघी होतो. आपा मोठ्या उस्तानी, म्हणजे मुख्य बाई. गावातल्या निम्म्या बायकांना वाचायला त्यांनी शिकवलं होतं, त्यात मीही आले. दुसऱ्या शिवणाच्या बाई. त्या नगरकडच्या, लग्न होऊन आमच्या गावात आलेल्या, लहानपणापासून मराठी शाळेत शिकलेल्या, त्यामुळे परीक्षेचं नाव काढलं की त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांती पसरायची. तिसरी मी, सगळ्यांत धाकटी. माझे वडील गावचे जमीनदार. मुलीनं नोकरी करावी हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. आपा स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, बुरख्याचा पडदा तोंडावर तसाच ठेवून दोन तास बोलल्या, तेव्हा कुठं ते तयार झाले. पण परीक्षेचं कळल्यावर त्यांनी मला सांगून टाकलं, "एकदा बस. पास झालीस तर शिकव. नाय झालीस तर पाटी ठिवून दे, मग आमी बघतो त्या घरी जायचं." सरकारच्या तीन खेपा होत्या, वडिलांची एकच.

आपांचं मराठी बोलणं माझ्याहून अस्सल होतं. बाजारात त्या कुणब्याशी घासाघीस करायला लागल्या की बुरख्यातून जात्यावरच्या बाईचा आवाज यावा तसा यायचा. पण लिहिणं निराळं. पहिल्या खेपेला त्यांना अक्षरच धड जमलं नाही. दुसऱ्या खेपेला अक्षर जमलं, उत्तरं बरोबर आली, आणि तरी त्या नापास झाल्या, कारण त्यांनी वही उलटी उघडली होती. उर्दू किताब उजवीकडून सुरू होते. आपलं जे शेवटचं पान, ते तिचं पहिलं. परीक्षेच्या वह्या कोऱ्या, दोऱ्यानं शिवलेल्या, दोन्ही बाजूंनी सारख्या. आपांनी चाळीस वर्षं जशी उघडली तशी उघडली आणि शेवटच्या पानावर नाव घालून पुढं, म्हणजे मागं, लिहीत गेल्या. वर शेरा आला की मराठी लेखनाचा सराव दिसत नाही.

तिसरी खेप राहिली होती. पहिल्या दोन्ही वेळा फक्त मुख्य शिक्षकांनाच बोलावलं होतं, आम्हा दोघींची ही पहिलीच खेप. आपांच्या घरी दोन नातवंडं, एक सहा वर्षांचा, एक चार वर्षांची. त्यांचा बाप, म्हणजे आपांचा मुलगा, पोलीस ॲक्शनच्या दिवसांत घराबाहेर पडला तो परतला नाही. सून पुढच्या वर्षी तापानं गेली. मुलाचं काय झालं हे गावात कुणी बोलत नसे. आमच्या घरानं त्या दिवसांत काय केलं आणि काय केलं नाही, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपा आमच्याकडं यायच्या, ओट्यावर बसायच्या, चहा घ्यायच्या. एवढं मला दिसत होतं.

त्या परीक्षेआधी तीन महिने मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जायचे. माझ्या घरी पोथ्या होत्या, त्यावरून मी मराठी वाचायला आणि लिहायला आपली आपण शिकले होते, म्हणून आता मी गुरू झाले आणि मला त्याचा भयंकर गर्व चढला. मी छडी घेत नव्हते एवढंच. वही त्यांच्या मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायला सांगायचे, वही फिरवायचे आणि म्हणायचे, "उघडा." त्या उजवीकडून उघडायच्या. मी म्हणायचे, "आपा." त्या म्हणायच्या, "अरे हां." शेवटी शेवटी मी नुसता घसा खाकरला तरी त्यांचा हात डावीकडं जायचा. हसून हसून पुरेवाट व्हायची. नातवंडंसुद्धा येता-जाता वह्या उलटसुलट करून आम्हाला चिडवायची.

तर परीक्षा झाली. औरंगाबादला एका शाळेच्या मोठ्या दालनात, बाक ओळीनं लावलेले, एका शाळेच्या बायका एकामागं एक. पुढं मी, मागं आपा, त्यांच्या मागं शिवणाच्या बाई. मला त्या तीन तासांतलं काही म्हणजे काही आठवत नाही. वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर होता. मी लिहीत गेले आणि घंटा झाली. संध्याकाळी गुलमंडीवर जाऊन आम्ही बांगड्या घेतल्या, आपांच्या नातवासाठी एक वही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्टेशनवर आलो.

सोबतीला माझे काका होते. ते पुरुषांच्या डब्यात, इतर गावांच्या मास्तरांबरोबर. आम्ही जनाना डब्यात. काकांना सोबतीची जबाबदारी फार जड झाली होती. प्रत्येक स्टेशनाला उतरून ते खिडकीशी यायचे आणि विचारायचे, "हायेत ना सगळ्या?" आम्ही होतो तिघी. चिकलठाण्याला विचारलं, करमाडला विचारलं. करमाडला आपा म्हणाल्या, "एक उडी मारून गेली, दोघी हायेत," तर काका खरंच डब्यात डोकावून मोजायला लागले.

गाडीत सगळ्या बायकांची तोंडं सुटली होती. परीक्षा संपली की माणूस सैल होतं. कुणी दशम्या काढल्या, कुणी लसणाची चटणी. आपांच्या डब्यात खिम्याचे पराठे होते, ते त्यांनी एका बाजूला होऊन खाल्ले. शिवणाच्या बाई सोवळ्याच्या. आपांच्या डब्याला त्या शिवत नसत, पण आपांनी सोललेली मोसंबी मात्र चालायची. फळाला विटाळ नसतो असं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं, आणि आपाही त्यांच्यासाठी न विसरता मोसंबी घ्यायच्या. बाहेर ज्वारी पोटरीला आली होती. उन्हं कोवळी होती. मला वाटत होतं, पास होणार मी. शंकाच नाही.

बदनापूर मागं पडलं तेव्हा आपांनी ती नवी वही माझ्या मांडीवर टाकली. म्हणाल्या, "पोराचं नाव घाल हिच्यावर. मराठीत घाल. त्याला बी कळू दे."

मी कलम घेतलं, वही उघडली, पहिल्या ओळीवर त्याचं नाव लिहिलं. छान वळणदार लिहिलं. आणि मग मला दिसलं की वहीची शिवण माझ्या उजव्या हाताला आहे. मी शेवटच्या पानावर लिहिलं होतं. गाडी हलत होती, मी त्या पानाकडं बघत बसले, आणि कालचं दालन माझ्या डोळ्यांपुढं आलं. काल माझ्या हातानं वही कुठून उघडली? मला शिवण आठवली. पानं उलटताना माझा उजवा हात आठवला, पान उजवीकडं टाकणारा.

"आपा," मी म्हणाले, "मी काल वही उलटी उघडली."

आपांनी खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाल्या, "शाई सांडशील. कलम बंद कर."

मला रडू फुटलं ते साधंसुधं नव्हतं. शिवणाच्या बाई मोसंबीची फोड हातात धरून तशाच राहिल्या. मी तीन महिने ज्या एका गोष्टीसाठी आपांच्या मागं लागले होते, ती मीच केली होती. घाबरलेल्या हातानं माझ्या डोक्याला विचारलंच नाही. तो सरळ लहानपणाकडं गेला, आपांनी ज्या बाजूनं उघडायला शिकवलं होतं त्या बाजूला.

जालन्याला आमची गाडी थांबली. एकेरी लाईन, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला आमची गाडी तिथं बराच वेळ उभी राहायची. मनमाडकडं जाणारी गाडी समोरच्या रुळावर आली होती. म्हणजे तीच औरंगाबादला जाणार. मी गाठोडं उचललं. "मी परत जाते," मी म्हणाले. "त्या साहेबांना भेटते. पाया पडते. सांगते, मला येतं मराठी, पाहिजे तर समोर बसवून लिहून घ्या."

"जा," शिवणाच्या बाई म्हणाल्या. "मी येते बरोबर. काकांना सांगू."

आपांनी माझा पदर धरला. "बस खाली."

"आपा, सोडा."

"बस म्हणते ना. वह्या काल रातीच बांधून लाख लावून गेल्यात. कुणाच्या पाया पडतीस? आणि पडायचंच असंल तर दोघींनी पडू. माझी बी वही तशीच हाये."

मी त्यांच्याकडं बघितलं. आधी मला कळलंच नाही. मग कळलं, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचं सगळं दुःख मी विसरले. त्यांना नाही नाही ते बोलले. तीन महिने मी काय दगडाला शिकवत होते का? शेवटची खेप होती, पोरांचा तरी विचार करायचा! रोज संध्याकाळी डोळे मिटून केलं, दोनशे वेळा केलं, आणि ऐन वेळी तेच? मी माझ्या उस्तानीला भरल्या डब्यात अशी बोलले. डब्यातल्या एका म्हातारीनं मला गप्प करायचा प्रयत्न केला तर तिच्यावरही ओरडले.

आपांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हात गेला बेटी. लई जुना हात हाये."

समोरची गाडी निघून गेली. काका खिडकीशी येऊन "हायेत ना सगळ्या?" विचारून गेले. आमच्यापैकी कुणी उत्तर दिलं नाही तेव्हा त्यांनी स्वतःच बोट दाखवून मोजलं आणि समाधानानं परत गेले.

जालन्यापासून मानवत रोडपर्यंत मी बोलले नाही. परतूर आलं, सेलू आलं. फलाटावर कापसाचे गठ्ठे रचलेले, त्यावर पोरं चढून बसलेली. एरवी मला ते बघायला फार आवडायचं. शिवणाच्या बाई दोन-तीनदा काहीतरी बोलायला गेल्या आणि आपांकडं बघून गप्प झाल्या. मला वाटलं, त्यांना आमची कीव येते आहे. त्यांचं सुरळीत झालेलं, त्यामुळे त्यांना बोलवत नसेल. मनातल्या मनात मी त्यांच्यावरही चिडले. माणसाला राग आला की तो कुणालाच सोडत नाही, निदान मी तरी सोडत नसे.

आपा खिडकीशी बसून होत्या. मध्येच त्यांनी माझ्या मांडीवरची वही घेतली, ज्या पानावर मी नाव लिहिलं होतं ते पान अलगद फाडलं, घडी करून पिशवीत ठेवलं. वही सरळ करून माझ्याकडं दिली. मी ती घेतली नाही. मग त्यांनी ती स्वतःच्या गाठोड्यात बांधली.

मानवत रोडला उतरून सर्व्हिस मोटारीनं नदीकडं निघालो. मोटारीत मास्तर मंडळींनी परीक्षेवरून वाद घातला, कुठला प्रश्न सोपा आणि कुठला अवघड. एकानं मला विचारलं, "तुमाला कसा गेला पेपर, बाई?" मी म्हणाले, बरा गेला. बरा म्हणण्यासारखं त्यात काय होतं ते मला माहीत. आमच्या नदीकाठाला मोटार जात नसे. शेवटचा टप्पा रेतीतून पायी चालायचा होता. सगळ्यांनी चपला हातात घेतल्या.

नाव पलीकडच्या तीरावर होती. भोई तिकडून शेळ्या आणि ज्वारीची पोती भरत होते, इकडं यायला वेळ लागणार होता. ऊन कलायला लागलं होतं. आपांनी नदीत हातपाय धुऊन वजू केला, थोडं दूर जाऊन रेतीवर चादर पसरली आणि असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाला उभ्या राहिल्या. पुरुष मंडळी विड्या ओढत बाभळीखाली बसली. शिवणाच्या बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी एकदा आपांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तुला एक सांगते. त्यांना कळू देऊ नकोस मी सांगितलं म्हणून."

मी पायावरची रेती झटकत होते.

"काल मी त्यांच्या मागं होते. त्यांनी वही बरोबर उघडली होती."

"कोणी?"

"आपांनी. डावीकडून. मी बघत होते ना, मला काळजी होती. नाव घातलं, नंबर घातला, पहिला प्रश्न जवळजवळ पुरा केला. मग त्यांनी मान वर केली आणि तुझी वही बघितली. दोनदा खोकल्या. तुला कुठं भान होतं, तू खाली मान घालून लिहीत होतीस. बोललं असतं तर दोघींच्या वह्या काढून घेतल्या असत्या. जरा वेळ त्या नुसत्या बसून राहिल्या. मग हात वर केला. साहेबाला म्हणाल्या, वहीवर शाई सांडली, दुसरी द्या. त्या साहेबानं किती ओरडावं! वेळ वाढवून मिळणार नाही म्हणाला. त्यांनी दुसरी घेतली आणि ती उलटीकडून उघडली. मला वाटलं चुकल्या. पण त्यांनी शिवण बघितली, माझ्यासमोर बोटानं चाचपली, आणि मग लिहायला घेतलं."

आपा सजद्यात होत्या. रेतीवर त्यांचं कपाळ टेकलेलं होतं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. जालन्याच्या स्टेशनात मी काय काय बोलले ते एकेक करून मला आठवत होतं आणि प्रत्येक शब्द माझ्याच तोंडावर येत होता. मला शरम वाटली, इतकी की नदीत जाऊन उभं राहावंसं वाटलं. मला त्यांचा रागही आला. का करावं त्यांनी असं? हे दोन्ही एकदमच होतं, आणि आज इतक्या वर्षांनीही ते मला वेगळं करता येत नाही.

नाव आली. शेळ्या उतरल्या. आम्ही बायका मध्यभागी बसलो, पुरुष कडेनं. भोयांनी बांबूनं नाव रेटायला सुरुवात केली. पाणी संथ होतं, दिवाळीनंतर असतं तसं, बरंच निवळलेलं. मी मुद्दाम आपांच्या शेजारी बसले होते. शिवणाच्या बाईंना दिलेलं वचन मी पाळलं नाही. ते पाळणं मला शक्यच नव्हतं.

"आपा, कामून केलं?"

त्यांनी शिवणाच्या बाईंकडं एक नजर टाकली. बाई शेळीच्या लेंड्या झटकण्यात गुंग झाल्या.

"काय केलं?"

"मला माझ्यावरची दया नको होती. तुमची शेवटची खेप होती. माझ्या अजून दोन होत्या."

"कुठं होत्या? सरकारच्या होत्या. तुझा बाप देणार व्हता का दुसरी?"

मी त्यांच्या गाठोड्याकडं बघितलं, ज्यात ती वही बांधलेली होती.

"मी तुझ्या ओट्यावर बसून जबान दिली हाये," आपा म्हणाल्या. "पोरगी शिकवील म्हणून. आता ऐक. शाळेची एक वही उलटी निघाली, तर साहेब म्हणंल ह्या पोरीला मराठी येत नाय. मला म्हणला तसं. पण एका शाळेच्या दोन वह्या उलट्या निघाल्या, त्यातली एक मोठ्या उस्तानीची, तर? तर त्यो म्हणंल, ह्या शाळेची रीतच अशी दिसती. मग आत बघंल. आत बघितलं की तू पास. तुझं अक्षर मला माहीत हाये."

"आणि तुम्ही?"

"मी बी पास. कामून नाय? मी लिहिलंय की."

"किती लिहिलं?"

आपा पाण्यात हात घालून बसल्या. खोल पाण्यात बांबू लागेना तेव्हा भोयांनी वल्ही काढली.

"मी पास झाले तरी अजून किती वर्षं शाळेत ऱ्हाणार?" थोड्या वेळानं त्याच बोलल्या. "ह्या बाई शिवण शिकवतात. वाचायला कोण शिकवंल? ज्यानं शाळा बघितली नाय असा कुणीतरी येईल. आपल्यातलं एक तरी पायजे. आता हे डोक्यातून काढ. आणि पुन्हा गाडीत माझ्यावर असं वरडू नको. लोकं बघत व्हती."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. नाव एकीकडं झुकली, एक मास्तर ओरडला, भोई म्हणाला, "बाई, बसून ऱ्हावा जागच्या जागी, बुडवता काय समद्यांना." आपा हसल्या. मी नाही हसले. सूर्य टेकायला आला होता, तीरावर आपांची दोन्ही नातवंडं शेजारणीचा हात धरून उभी होती. आपांनी उतरताच मोठ्याच्या हातात ती वही दिली, आणि तो तिथंच रेतीत बसून ती उघडायला लागला. कुठल्या बाजूनं उघडली ते मी बघितलं नाही. मला बघवलं नाही.

निकाल यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जात होते, पूर्वीसारखीच. शिकवायला आता काही उरलं नव्हतं, पण सवय होती. आम्ही परीक्षेचं काढत नव्हतो. त्या मला जेवायला वाढायच्या आणि घरी सांगू नको म्हणायच्या. मी घरी सांगत नव्हते. एकदा त्या नातवाला मराठी मुळाक्षरं घोकायला लावत होत्या तेव्हा मी दारात उभी राहून ऐकलं. त्यांचा उच्चार माझ्याहून चांगला होता.

मग निकाल आला. शिवणाच्या बाई पास, त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. मी पास. आपा नापास. शेरा होता, उत्तरे अपुरी. वहीच्या बाजूबद्दल एक अक्षर नव्हतं, ना माझ्या, ना त्यांच्या. दोन वह्या सारख्या बघून साहेबानं खरोखरच ती रीत धरली, की तपासणारा आमच्यासारखाच उर्दूत वाढलेला होता आणि त्याच्याही हाताला त्याच बाजूनं उघडायची सवय होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एवढं कळलं की वही उलटी असल्यामुळं त्या नापास झाल्या नाहीत. पहिली वही टाकून दुसरी घेतली आणि त्यात जो वेळ गेला, त्यानं झाल्या. पहिला प्रश्न त्यांना पुन्हा लिहावा लागला होता. शेवटचे दोन राहिले.

वडिलांनी पेढे आणले. मी ते घेऊन आपांकडं गेले नाही. रिकाम्या हातानं गेले. सकाळची वेळ होती, शाळेच्या आधीची. आपा ओसरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी दारात उभी राहिले.

"तू पास?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"चांगलं झालं."

त्यांनी माझं काय झालं ते विचारलं, स्वतःचं विचारलं नाही. सूप हलवत राहिल्या. खडे वेचून बाजूला टाकत राहिल्या. मग मीच बोलायला लागले. मी साहेबाकडं जाईन म्हणाले, सगळं खरं सांगेन म्हणाले, माझी नोकरी सोडेन म्हणाले. बोलता बोलता रडायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"घंटा झाली का शाळेची?"

"नाही अजून."

"मग चावी घे ती खुंटीवरची. पोरी दारात उभ्या असतील. इथं कामून उभी?"

मी चावी घेतली आणि गेले. पोरी शाळेच्या दारात उभ्याच होत्या. मला बघून त्यांनी वाट दिली, पण आत कुणी गेली नाही. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या मागं, रस्त्याकडं बघत होत्या.